अनुभव धागा : फोर्क दुकानात, सायकल गॅलरीत (नागपूरकरांनो, तुम्हाला किती दिवस लागले?)

माझी सायकल एकतीस दिवस झाले गॅलरीत पुढच्या चाकाविना मान टाकून बसली आहे. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा दुपाखी भाग, दुकानात आहे. "चार दिवसांत देतो ताई" असं ठरलं होतं.

झालं असं, की सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनच्या बाजूनं उतरताना फोर्क दबला की वर यायला वेळ लावायचा. घरी येऊन बघावं तर स्टँशनवर, म्हणजे वरच्या चकचकीत नळीवर, तेलाचं काळं कडं. बोटानं पुसलं तर बारीक रेती हाताला लागायची. दुकानदारानं एकदा दाबून बघितलं आणि सांगितलं, सील (तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणारी रबरी कडी) गेलंय. निदान अगदी बरोबर. पण सील त्यांच्याकडे नव्हतं. अकराव्या दिवशी आलं ते ३० मिलिमीटरचं, माझी नळी ३२ ची. मोजायला व्हर्नियर कॅलिपर लागतो, आणि तो त्यांच्या टेबलावरच पडलेला होता! दुसरं सील "दिल्लीहून निघालंय". गेले अडीच आठवडे ते निघालेलंच आहे.

माणूस भला आहे, हातही चांगला आहे. म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही, तुम्हीही कोणाचं लिहू नका. काय बिघडलं, किती दिवस सांगितले, किती लागले आणि त्यातलं प्रत्यक्ष काम किती वेळाचं, एवढं सांगा. मला वाटतं, काम दोन तासांचं असतं आणि उरलेला महिना कुठे जातो ते आपण कोणी विचारतच नाही.

महालवाले काका

ताई, वाचून हसूबी येऊन राह्यलं न वाईटबी वाटून राह्यलं. माह्या पोराची सायकल साधी हाय, सनटूरचा स्प्रिंगवाला फोर्क. दाबला का कुईं कुईं करे. मोठ्या दुकानात नेली त पोट्टा म्हणे, "काका, हा खोलाचा नसते, नवाच टाका, साडेचार हजार." म्या म्हटलं, थांब बावा. आमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्तरी हायेत, हवा-पंक्चरवाले. त्यायनं सायकल उलटी केली, खालचे दोन बोल्ट खोलले, नळ्या उपसल्या. आतून ग्रीस निघालं ते सुकून शेवयांवानी झालं होतं. डिझेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, नवं ग्रीस भरलं. म्या समोरच्या टपरीवर तर्री पोहे खाऊन येईस्तोवर काम झालं. दीडशे रुपये. दिवस सांगितला नाई न लागलाबी नाई.

प्रतापनगर पेडल

काका, तुमच्या मिस्तरींना नमस्कार, पण डिझेलची युक्ती हवेच्या (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या) फोर्कला कोणी करू नका. रबरी सील आणि ओ-रिंग फुगू शकतात. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं फडकं, बस.

माझा अनुभव फार छोटा आणि फार चिडवणारा आहे. 'फुल सर्व्हिसिंग'चे बाराशे दिले, दोन दिवसांत सायकल चकाचक करून मिळाली. महिन्याभरानं फोर्क अडखळायला लागला तेव्हा विचारलं, की सर्व्हिसिंगमध्ये हा उघडला होता ना? उत्तर : "सस्पेन्शन त्यात येत नाही सर." बाहेरून पुसून, नळीवर सिलिकॉन स्प्रे मारून दिला होता. तेव्हापासून बिलावर लिहून घेतो, लोअर, म्हणजे फोर्कचे खालचे पाय, काढणार की नाही.

हे ठाऊक नसलेल्यांसाठी : रॉकशॉक्स या फोर्क कंपनीची पुस्तिका म्हणते, खालचे पाय काढून साफसफाई दर ५० तासांनी, डॅम्पर (फोर्कची उसळी आवरणारा भाग) आणि स्प्रिंगचं मोठं काम दर २०० तासांनी. फॉक्स कंपनीवाले १२५ तास किंवा एक वर्ष म्हणतात, जे आधी होईल ते. रोज सकाळी एक तास चालवत असाल तर पन्नास तास दोन महिन्यांच्या आत भरतात. आपल्यातल्या किती जणांनी तीन-तीन वर्षं बोल्टही हलवलेला नाही, हात वर करा. मी पहिला.

डागा लेआउटचा

माझं जरा लांबलचक आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये सायकल हँडलपर्यंत पाण्यात होती. पहिले तीन आठवडे तिच्याकडे बघायला कोणाला सवड होती? घरात गाळ, फ्रिज आडवा, आईची कागदपत्रं गच्चीवर दोरीला. सायकल धुवून भिंतीला टेकवली होती. बाहेरून अगदी ठीक दिसत होती.

नंतर दुकानात फोन केला. तिथे आधीच पूरग्रस्त सायकलींची रांग. "दिवाळीनंतर बघू दादा." त्यांचंही बरोबर होतं. पण पाणी आत राहिलं तर तोवर गंज धरेल, म्हणून मी आणि भाच्यानं घरीच उघडायचं ठरवलं. आधी वरच्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडली. मग ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीनं खालचे बोल्ट तीन-चार आटे सैल केले, पूर्ण काढले नाहीत. त्या बोल्टवर हलकेच ठोकायचं असतं, म्हणजे आतला रॉड सुटतो. रबरी हातोडी घरात आयती होती, फरशी नव्यानं बसवायला आलेल्या मिस्त्रीची. त्यानं ती दिली आणि काम सोडून तमाशा बघायला स्वतःही बसला.

एका बाजूचा रॉड सुटला आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात जे आलं ते तेल नव्हतं. दुधाचा चहा! पाणी आणि तेल घुसळून एकजीव झालेलं, तळाला चमचाभर गाळ. फरशीवाला म्हणाला, "साहेब, यात तर अंबाझरीच आहे." सीलखालच्या फोमच्या रिंगा पिळल्या तरी चिखलच निघत होता, त्या टाकूनच दिल्या. डॅम्पर बंद नळकांड्यात असल्यामुळे वाचला.

जुनं सील काढताना भाच्यानं पान्याचं टोक सरळ लोअरच्या कडेवर टेकवलं, तिथे कायमचा ओरखडा आहे. खाली जुनी ट्यूब कापून घातली असती तर पडला नसता. नवं सील बसवायला बाथरूमच्या प्लंबिंगमधला पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला, सरळ बसलं. नवे फोम तेलात बुडवून ठेवले, प्रत्येक पायात पुस्तिकेत सांगितलं तेवढंच तेल. काम एका संध्याकाळचं. त्याआधी सील आणि तेल ऑनलाइन मागवून यायला नऊ दिवस. म्हणजे एकूण दहा, आणि दुकानात गेलो असतो तर दिवाळी.

बेसावाली

माझी दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल आहे. मागच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉक एका सकाळी दबला तो दबलेलाच राहिला, कितीही हवा भरली तरी वर येईना. ओळखीच्या मोटरसायकल गॅरेजवाल्या भाऊंनी पाइप पाना लावून "उघडून देतो" म्हटलं. मी अक्षरशः हात धरला त्यांचा. असा अडकलेला शॉक म्हणजे हवा आतल्या चुकीच्या कप्प्यात कोंडलेली असते, व्हॉल्व्हमधून ती सुटत नाही. आटे सुटले की गोळीसारखा उडू शकतो. ज्यांच्याकडे त्याची साधनं आहेत त्यांनीच उघडायचा.

बंगळूरला पाठवला. त्यांनी सांगितलं, एक आठवडा. माझा आठवडा मी कुरिअर दिलं त्या दिवशी सुरू झाला, त्यांचा शॉक टेबलावर आला त्या दिवशी. जायला पाच दिवस, रांगेत नऊ, काम एका दिवसाचं. परत येताना भाऊ संघमित्रा एक्स्प्रेसनं येत होता, त्याच्या बॅगेतून आला म्हणून चार-पाच दिवस वाचले. एकूण सतरा. तक्रार नाही, काम उत्तम झालं, जुने भाग पिशवीत घालून परत दिले. पण शॉकच्या बोल्टाशेजारचे दोन छोटे स्पेसर (फट भरणाऱ्या कड्या) मी काढून खिडकीत ठेवले होते, त्यातला एक झाडताना केरात गेला. त्या एका स्पेसरसाठी पुढे तेवीस दिवस! काढलेला प्रत्येक भाग डबीत, डबीवर नाव. हे मी आता देवाच्या जपासारखं म्हणते.

दुकानातला

मी एका सायकल दुकानात सात वर्षांपासून काम करतो, तर आमचीही बाजू ऐका. सीलची एकच जोडी मागवली तर सीलइतकंच कुरिअरचं भाडं होतं. म्हणून मालक पाच-सहा ऑर्डर जमेपर्यंत थांबतात आणि तुम्हाला सांगतात "निघालंय". हे चूक आहे, मला मान्य आहे. खरं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती असते.

दुसरं, फोर्क कोणता हे गिऱ्हाइकालाच ठाऊक नसतं. "काळा आहे, हवेचा आहे." राजेहो, यावर मी काय मागवू? रॉकशॉक्स असेल तर क्राउनच्या, म्हणजे दोन्ही नळ्या जोडणाऱ्या वरच्या भागाच्या, मागे सिरीयल नंबर असतो. फॉक्स असेल तर खालच्या पायावर चार अक्षर-आकड्यांचा कोड चिकटवलेला असतो. त्याचा फोटो आदल्या दिवशी पाठवा, मी सील आहे का ते सांगतो, आणि नसेल तर ते येईपर्यंत सायकल चालवा. गळका फोर्क आठवडाभर सपाट रस्त्यावर हळू चालवून मरत नाही, रोज नळी पुसा म्हणजे झालं. दुकानात खिळ्याला लटकून त्याचं काही भलं होत नाही.

आणि गर्दी पावसाळ्यानंतर. काळी माती चिकटून सुकलेल्या सायकली सगळे एकाच आठवड्यात आणतात, सगळ्यांना रविवारच्या आत हव्यात. आजच्या तारखेला आमच्या भिंतीवर तीन फोर्क तयार लटकलेत. एकाचा मालक "अर्जंट" म्हणून रोज दोनदा फोन करत होता. काम होऊन दोन महिने झाले, साहेब आलेले नाहीत.

हिंगणा रोड

बिघाड नसतानाच दुकान गाठल्याचा अनुभव. मे महिन्यात फोर्क कडक वाटायला लागला, टिनाच्या शेडमध्ये सायकल, बाहेर ४५. दुकानात ठेवून घेतली, तीन दिवसांनी "काही नाही, हवा कमी केली" म्हणून दोनशे रुपये. साधं भौतिकशास्त्र : २५ अंशाला भरलेली १०० पीएसआय दाबाची हवा ४५ अंशाला साधारण १०७ होते. शॉक पंप, म्हणजे दाब दाखवणारा छोटा हातपंप, घ्या, सकाळी निघताना मोजा. साधा फूट पंप लावू नका, काढताना बरीच हवा जाते.

त्रिमूर्तीनगर

नळीवर दगडाचा ओरखडा, नखाला लागेल इतका. दुकानात म्हणाले नळीचा पूर्ण संच बदलावा लागेल, महिना धरा. २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं कड मारली, खळग्यात बायकोचं पारदर्शक नेलपॉलिश, सुकल्यावर पुन्हा घासलं. दोन वर्षं झाली, तेल येत नाही. बायको बाटली परत मागते आहे.

रेशीमबाग

धागाकर्त्या ताई, ३२ चं सील माझ्याकडे एक जोडी पडून आहे. मी दोन मागवल्या होत्या. फक्त बघून घ्या, तुमच्या लोअरला बाहेर कड असलेलं बसतं की कड नसलेलं, दोन्ही प्रकार येतात. माझं कड नसलेलं आहे. फोमच्या रिंगाही देतो.

धागाकर्ती

आत्ताच दुकानात फोन केला, त्यांना जुनं सील हातात घेऊन बघायला लावलं. कड नसलेलंच आहे! "आणून दिलंत तर संध्याकाळी बसवून देतो" म्हणाले. दिल्लीच्या सीलचं काय विचारलं, तर म्हणाले, "ते निघालंय ना ताई."

रेशीमबाग दादा, रविवारी सकाळी साडेसहाला जपानी गार्डनच्या गेटसमोर येते. स्कूटरवर असेन, लाल हेल्मेट.