सालाझारचा हुकूम मोडून व्हिसा देणारा सोझा मेंदिश: कर्तव्य की बेशिस्त?

वाटसरू (धागाकर्ता)

सरकारी नोकराने वरिष्ठांचा हुकूम मोडला तर चौकशी व्हावी, यात वाद नाही. पण फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या पोर्तुगीज कॉन्सल जनरलला १९४० साली जी शिक्षा झाली ती निव्वळ सूड होती, आणि त्याने मोडलेला हुकूम मोडण्याच्याच लायकीचा होता, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, त्यासाठीच धागा काढतोय.

आरिस्तिदिश द सोझा मेंदिश. ज्यूंना वाचवणारा जर्मन कारखानदार शिंडलर आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो, हा नाही. जन्म १८८५ चा, काबानश द व्हिरियातु नावाच्या गावातल्या कर्मठ कॅथलिक, जमीनजुमला असलेल्या घराण्यात. कोइंब्राला कायदा शिकला, परराष्ट्र खात्यात शिरला, झांझिबार, ब्राझील, सॅन फ्रान्सिस्को, अँटवर्प करत १९३८ मध्ये बोर्दोला आला. चौदा मुलांचा बाप. जुळा भाऊ सेझार काही काळ पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सरकारात परराष्ट्रमंत्री होता. घरदार, धर्म, नोकरी, सगळं व्यवस्थेच्या आतलं.

११ नोव्हेंबर १९३९ ला लिस्बनहून परिपत्रक क्रमांक १४ निघालं. मायदेशातून हाकलले गेलेले ज्यू, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेले, नान्सेन पासपोर्टवर (राष्ट्रसंघाच्या काळात बिनदेशी लोकांना मिळणारा कागद) फिरणारे, रशियन, या सगळ्यांना मंत्रालयाला विचारल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही. परराष्ट्र खातं तेव्हा सालाझारने स्वतःकडेच ठेवलं होतं.

१४ जून १९४० ला पॅरिस पडलं. फ्रेंच सरकार पळून बोर्दोत आलं आणि त्याच्यामागून बेल्जियम, हॉलंड, उत्तर फ्रान्समधली माणसं. बाहेर पडायचा जमिनीवरचा रस्ता उरला स्पेनमधून, आणि हातात पोर्तुगालचा व्हिसा असेल तरच स्पेन वाट देत होता. त्यामुळे गारोनच्या काठावरच्या कॉन्सुलेटमधला शिक्का म्हणजे जगण्या-मरण्यातला फरक झाला.

खाइम क्रुगर नावाचे एक रब्बी त्याला भेटले. त्यांच्या कुटुंबासाठी मेंदिशने लिस्बनकडे रीतसर परवानगी मागितली. नकार आला. तरी तो द्यायला तयार झाला, तेव्हा क्रुगर म्हणाले की बाहेरच्या इतरांना सोडून मी एकटा जाणार नाही. मेंदिश दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळला, आणि १७ जूनला उठून त्याने सांगितलं की येईल त्याला व्हिसा मिळेल, राष्ट्रीयत्व, वंश, धर्म काही पाहिलं जाणार नाही. फ्रान्सचा नवा पंतप्रधान पेतां याने जर्मनीकडे शस्त्रसंधी मागितली तो हाच दिवस. क्रुगर पासपोर्ट गोळा करत होते, मुलगे मदतीला, सचिव सेआब्रा शिक्क्यावर. वेळ वाचावा म्हणून सही आखडत आखडत नुसती 'मेंदिश' एवढी राहिली. पुढे स्पेनच्या सीमेकडच्या बायोन आणि आंदाय या फ्रेंच गावांत जाऊनही त्याने हेच केलं. २४ जूनला परत बोलावण्याची तार आली.

शिक्षा: एक वर्ष अर्ध्या पगारावर बिनकामाचं, मग सक्तीची निवृत्ती. हे कुटुंब पुढे लिस्बनमध्ये ज्यू मदत समितीच्या खानावळीत जेवायचं. १९५४ मध्ये तो गेला. इस्रायलच्या याद वाशेमने (ज्यू हत्याकांडाची स्मारकसंस्था) १९६६ मध्ये गौरव केला. स्वतःच्या देशाच्या संसदेने आरोप पुसले ते १९८८ मध्ये, आणि राष्ट्रीय स्मारकात त्याच्या नावाची शिळा बसली २०२१ मध्ये.

हुकूम जर माणसांना जन्मावरून वेगळं काढून मरणाच्या दारात उभं करायला सांगत असेल, तर तो न पाळणं हे त्या खुर्चीचं कर्तव्यच ठरतं. अपवाद किंवा दयाबुद्धी म्हणून नव्हे.

मुळामुठा

उभी हयात महसूल खात्यात गेली, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही. माणूस म्हणून मेंदिशना माझा नमस्कार. अधिकारी म्हणून मी त्यांच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

शिक्का अधिकाऱ्याच्या मालकीचा नसतो. व्हिसा म्हणजे राज्याने दिलेला शब्द, की या माणसाला आम्ही आत घेऊ. तो शब्द एकट्या माणसाने लिस्बनला अंधारात ठेवून हजारोंना दिला. पोर्तुगाल छोटा देश. जर्मन फौजा स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांकडे सरकत असलेल्या. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको कोणत्या बाजूला झुकेल याचा भरवसा नाही. त्या क्षणी तटस्थ राहणं हीच अख्ख्या देशाची ढाल होती. ती जोखीम घ्यायची की नाही हे ठरवायला कॉन्सलला कोणी नेमलं होतं?

दुसरं म्हणजे सदसद्विवेक फक्त चांगल्या माणसांकडेच असतो असं नाही. उद्या एखादा अधिकारी म्हणेल की या समाजाच्या लोकांना दाखला द्यायला माझं मन धजत नाही. त्याला आपण नियमाने बांधतो, आणि तो नियमच दुबळ्याला वाचवतो. मेंदिशसाठी दार उघडलंत तर ते त्याच्यासाठीही उघडतं.

केतकी

काका, तुमचा दुसरा मुद्दा वजनदार आहे, पण ही दोन माणसं एकाच मापाने मोजता येत नाहीत. दाखला नाकारणारा दुसऱ्याचं नुकसान करतो आणि स्वतः सुरक्षित राहतो. मेंदिशने दिलं, घेतलं नाही, आणि किंमत स्वतः मोजली. प्रत्येक कागदावर त्याची सही होती, म्हणजे पुरावा त्याने स्वतःच सरकारच्या हाती दिला होता.

त्याच आठवड्यात आज्ञाधारकपणा कसा दिसत होता तेही पाहा. २६ जून १९४० ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या ब्रेकिनरिज लाँग यांनी एक टिपण लिहिलं. कॉन्सलांना सांगावं की अडचणी काढत राहा, जादा पुरावे मागा, व्हिसा पुढे ढकला, पुन्हा ढकला. कोणी कसलाही हुकूम मोडला नाही. सगळं नियमात बसलं. रांगेतली माणसं रांगेतच राहिली.

शोधगंध

भावनेचा भाग झाला असेल तर आकड्यांकडे वळू या. सगळीकडे 'तीस हजार जीव, त्यात दहा हजार ज्यू' असं छापलं जातं. याद वाशेमचेच इतिहासकार अव्राहम मिलग्राम यांनी बोर्दोची व्हिसा नोंदवही तपासली. १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात नोंदी आहेत २८६२, आणि त्यातल्या ११ ते २२ जूनच्या १५७५. तीस हजार कुठे आणि हे कुठे!

शिवाय व्हिसा घेणारे सगळे ज्यू नव्हते, सगळे कंगालही नव्हते. ऑस्ट्रियाच्या माजी राजघराण्यातले ऑटो फॉन हॅब्सबर्ग आणि त्यांचं कुटुंब त्यात होतं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. लिस्बनच्या ब्रिटिश वकिलातीने त्या जूनमध्ये लेखी तक्रार केली होती की हा कॉन्सल कचेरीच्या वेळेनंतर काम ढकलून जादा शुल्क घेतो, आणि एकाकडून तरी पोर्तुगीज धर्मादाय निधीला वर्गणी मागितली. अन्नान्न दशेत मेला ही गोष्टही सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. निवृत्तीनंतर त्याला दरमहा रक्कम मिळत होती असं दाखवणारे आहेत.

पुतळा उभारायचाच तर खरा उभारा.

केतकी

ती वही बोर्दोची आहे आणि २२ जूनला संपते. बायोन आणि आंदायचे व्हिसा त्यात नाहीत. घाईच्या दिवसांत सगळं नोंदलंही गेलं नाही, आणि एका पासपोर्टवर आई आणि तीन पोरं असायची. पण मी तीस हजारांवर अडून बसणार नाही. १५७५ घ्या. बारा दिवसांत, ज्यांना द्यायला मनाई आहे अशांसह. माझं मत त्या आकड्याने तसूभर हलत नाही.

ब्रिटिश वकिलातीच्या तक्रारीत नाराजी होती ती कचेरीच्या वेळेबद्दल आणि शुल्काबद्दल. शहर कोसळत होतं तेव्हा.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. सालाझारच्या 'देशहिता'चं एवढं कौतुक ऐकून राहवेना.

त्याच माणसाने गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. गोवा मुक्तीसाठी लढलेले आपले मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षं झाल्यावरही. आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हाला हुकूम काय होता? शरणागती नाही. सैनिक एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. समोर भारतीय फौज कित्येक पटींनी मोठी. त्या माणसाने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पणजीची, वास्कोची घरं उभी राहिली, हजारो पोर्तुगीज पोरं जिवंत घरी गेली. घरी परतल्यावर सालाझारने त्याला लष्करातून काढून टाकलं. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याची प्रतिष्ठा परत मिळाली.

तो आमच्यावर राज्य करणाऱ्या परकीय सत्तेचा माणूस होता, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तो हुकूम त्याने पाळला असता तर माझ्या आजोळच्या गल्लीचं काय झालं असतं, हा विचार इथे सगळ्यांच्या घरी झालाय. मुळामुठा काका, त्यालाही बेशिस्त म्हणाल?

मुळामुठा

मांडवीताई, नाही म्हणणार. रणांगणावर हरलेली लढाई थांबवायचा अधिकार सेनापतीकडे असतोच, तो त्याच्या पदातच येतो. परिपत्रक रद्द करण्याचा अधिकार कॉन्सलच्या पदात नव्हता. फरक एवढाच, पण माझ्या लेखी तो मोठा आहे.

मार्ग नव्हता असंही नाही. आमच्या वर्तणूक नियमांत सुद्धा आहे की वरिष्ठाचा हुकूम असेल तर तो लेखी मागावा. पटत नसेल तर आपलं मत फाइलवर नोंदवावं. अगदीच असह्य असेल तर राजीनामा द्यावा. तो स्वच्छ रस्ता आहे.

वाटसरू

राजीनाम्याचं काय झालं असतं ते बायोनमध्ये दिसलं. तिथला कॉन्सल फारिया माशादु परिपत्रक पाळत होता, बाहेर रस्ता माणसांनी भरलेला. मेंदिश तिथे पोचला, वरिष्ठ या नात्याने त्याने कारभार हाती घेतला, तेव्हा शिक्के पडायला लागले. माशादुने वर कळवलं, माद्रिदहून राजदूत पेरेरा धावत आला, मेंदिशचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याने जाहीर केलं आणि स्पेनने ते व्हिसा मानणं थांबवलं. मेंदिशने १७ तारखेला राजीनामा दिला असता तर बोर्दोतही एक माशादु बसला असता. स्वतःचे हात स्वच्छ राहिले असते. रब्बी क्रुगर आणि त्यांची पोरं तिथेच राहिली असती, आणि २२ जूनच्या शस्त्रसंधीने अख्खी अटलांटिक किनारपट्टी जर्मनांच्या ताब्यात गेली.

लेखी विचारणाही त्याने केलीच होती. उत्तर 'नाही' आलं. त्यानंतरचा तुमचा नियम काय सांगतो, ते मला हवंय.

शोधगंध

एक बाजू राहिली. सीमा ओलांडून आत आलेल्यांना सालाझारने परत पाठवलं नाही. लिस्बन हे युद्धभर अमेरिकेला निघायचं बंदर राहिलं. १९४४ मध्ये बुडापेस्टला सांपायु गारिदु आणि नंतर ब्रांकिन्यु या पोर्तुगीज मुत्सद्द्यांनी सुमारे हजार ज्यूंना संरक्षणपत्रं दिली, ती लिस्बनच्या संमतीने. हुकूम न मोडताही जीव वाचतात.

वाटसरू

१९४४ साली हिटलर हरत होता हे लिस्बनलाही कळत होतं. जून १९४० मध्ये तो जिंकत होता. संमती मिळण्याजोगे दिवस आले तेव्हा संमती मिळाली, त्यात आश्चर्य नाही. गारिदुचं मोल मी कमी करत नाही, त्याच्या घरावर छापा पडला तरी तो मागे हटला नाही.

आणि आत आलेल्यांना परत पाठवलं नाही, खरं आहे. पण ते आत आले कोणाच्या सहीने?

केतकी

मुळामुठा काकांच्या 'नियम काय सांगतो'बद्दल एक भर. पश्चिम जर्मनीने १९५६ च्या सैनिक कायद्यात लिहून ठेवलं की मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम न पाळणं ही आज्ञाभंगाची बाब नाही. ज्या देशाने आज्ञापालनाची टोकाची फळं पाहिली त्यानेच हे कायद्यात बसवलं. तेव्हा नियम आणि विवेक एकमेकांच्या विरुद्धच असतात असं नाही, नियमातच विवेकाला जागा करता येते.

स्वित्झर्लंडचा पाउल ग्र्युनिंगर आठवा. सेंट गॅलनचा पोलीस अधिकारी, १९३८-३९ मध्ये निर्वासितांच्या कागदांवर मागच्या तारखा टाकून त्याने त्यांना आत घेतलं. नोकरी गेली, १९९५ मध्ये न्यायालयाने निर्दोष ठरवलं, तोवर तो मरून तेवीस वर्षं झाली होती. त्याला नोंदी खोट्या कराव्या लागल्या. मेंदिशने खरी सही, खरा शिक्का वापरला.

मुळामुठा

जर्मनीच्या कायद्याचा मुद्दा मान्य. असं कलम असेल तर माझी हरकत उरत नाही. पण १९४० च्या पोर्तुगालमध्ये ते नव्हतं, आणि नसलेल्या कलमावर मी अधिकाऱ्याला सोडू शकत नाही.

शिस्त समितीने एका दर्जाने खाली आणण्याची शिफारस केली होती. मी त्या समितीवर असतो तर तीच केली असती, आणि शेजारी लिहिलं असतं की हेतू उदात्त होता. सालाझारने ती शिफारस बाजूला सारून माणसाची कारकीर्दच संपवली, ती शिक्षा नव्हती. तिथे वाटसरूंचा 'सूड' हा शब्द मला पटतो.

वाटसरू

काका, तिथपर्यंत आपण बरोबर आलो. पुढे मी वेगळा. ती एका दर्जाची पदावनतीही मी मान्य करणार नाही. त्या समितीपुढे मेंदिशने स्वतःच्या बचावात सांगितलं की समोर उभ्या माणसांचे हाल पाहून मी हे केलं, आणि पोर्तुगालचं नाव त्यांच्या मनात चांगलं राहावं असं मला वाटत होतं. एवढं ऐकल्यावर समितीपुढे एकच शेरा उरतो: परिपत्रक क्रमांक १४ मागे घ्यावं. तो लिहिण्याची हिंमत समितीतल्या एकानेही केली नाही.