जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनचे हेड (वरचा भाग) उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

वसनाकाठ (कोरेगाव, जि. सातारा)

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची सात आसनी डिझेल गाडी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजवर ती १ लाख ९० हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन टर्बो असलेले, कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व सिलिंडरना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) पद्धतीचे असून बॉनेटखाली उभे बसवलेले आहे, आणि रेडिएटरचा पंखा विजेवर नव्हे तर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. २०२३ मध्ये पुनर्नोंदणी करून घेतली असल्यामुळे निदान २०२८ पर्यंत गाडी ठेवण्याचा घरच्यांचा विचार आहे.

सध्या दोन तक्रारी आहेत. साताऱ्याहून कराडला महामार्गाने एसी लावून गेलो तरी तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. परंतु यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागलो की काटा तांबड्या रेषेकडे सरकतो, आणि एसी बंद करून वरच्या सपाटीवर पोहोचलो की पुन्हा खाली येतो. दुसरी तक्रार अशी की थंडीत सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो, इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर सोडते. त्यानंतर दिवसभर काहीही त्रास होत नाही.

एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप) काढून टाकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने गाडी तापते आणि पांढरा धूर येतो एवढ्यावरून हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचे सांगितले, आणि हेड उतरवणारच आहोत तर हाफ इंजिनचे (इंजिनच्या अर्ध्या दुरुस्तीचे) काम करून घ्यावे असे सुचवले. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी मी पंधरा दिवस खूण करून पाहिली. ती जवळजवळ तेवढीच आहे. हेड उतरवण्यापूर्वी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात, आणि अशा जुन्या गाडीच्या बाबतीत कोणत्या चुका महागात पडतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


कृष्णाघाट (मिरज)

मी तीस वर्षे गॅरेजचे काम केले आहे आणि त्यात विनाकारण उतरवलेली हेड बरीच पाहिली आहेत. आपल्या गाडीची दोन दुखणी वेगवेगळी असावीत आणि मेकॅनिकने ती एकत्र जोडून तिसराच रोग ठरवला असावा, असे माझे मत आहे.

आधी तापण्याचे पाहू. गाडी नव्वदच्या वेगाने धावते तेव्हा रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. घाटात वेग वीस-पंचवीसवर येतो, इंजिनवर भार असतो आणि वारा ओढण्याचे सगळे काम पंख्यावर येऊन पडते. त्यामुळे महामार्गावर न तापणारी गाडी केवळ चढावर तापत असेल, तर संशय प्रथम पंख्यावर आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेवर घ्यावा. याउलट सपाट रस्त्यावर वेग वाढवला की काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून क्षाराने बुजला आहे किंवा वॉटर पंपाची पाती झिजली आहेत असे समजावे. हा फरक मेकॅनिकला गाडी दाखवताना आपण स्वतःहून सांगावा, कारण गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत तो दिसत नाही.

पट्ट्यावरच्या पंख्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेल भरलेले व्हिस्कस कपलिंग असते. इंजिन तापले की ते घट्ट होऊन पंख्याला पूर्ण वेग देते. वयानुसार त्यातले तेल झिरपते, मग पंखा फिरताना दिसतो पण वारा ओढत नाही. इंजिन पूर्ण तापलेले असताना ते बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि मगच पंखा हाताने फिरवून पाहावा. तो भिंगरीसारखा सहज फिरत राहिला तर कपलिंग गेले आहे. कपलिंगच्या तोंडाशी तेलकट धूळ बसलेली असेल, तर तीही हेच सांगते.

त्यानंतर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट पाहावी. आपल्या भागात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रोज जाणाऱ्या गाडीच्या त्या फटीत पाचटाचा भुसा, धूळ आणि किडे यांचा जाड थर साचतो. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण कचरा त्याच्या मागे असतो. दोन्ही भाग सुटे करून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला कमी दाबाचे पाणी सोडावे. सर्व्हिसिंगच्या मोठ्या दाबाच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या मुडपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

थर्मोस्टॅट काढणे ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी ही झडप इंजिनला योग्य तापमानावर लवकर आणते. ती काढली तर डिझेल इंजिन थंडीत गारच राहते, डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, मायलेज घटते आणि सिलिंडरची झीज होते. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. झडपच नसेल तर ती वाट सताड उघडी राहते, आणि तापलेले पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहिल्यामुळे गाडी चढावर आणखी तापते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून भांड्यातल्या पाण्यात तापवून पाहावा. उघडला नाही तर नवा टाकावा; रिकामी जागा ठेवू नये.

रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र कोणी पाहत नाही. ते साधारण एक बार दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर घाटात पाणी लवकर उकळणार, आणि नवे झाकण तर अगदी किरकोळ किमतीत मिळते.

गॅस्केट खरोखर गेले आहे का, हे हेड न उतरवता कळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे झाकण सकाळी उघडून, इंजिन सुरू करून पाण्यात सतत बुडबुडे येतात का पाहावे. रेडिएटरचा वरचा पाइप थंड इंजिनवर मिनिटभरातच दगडासारखा कडक होतो का, हे हाताने दाबून पाहावे. कूलंटमध्ये जळका वायू आला की रंग बदलणारे द्रव वापरून करायची चाचणीही असते. आपली पातळी पंधरा दिवस टिकली आहे, म्हणून मला गॅस्केटची शक्यता कमी वाटते. पांढऱ्या धुराविषयी म्हणाल, तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारे) सरळ काढून तपासावेत आणि चारही नवे बसवावेत.


विटा_नाका (विटा, जि. सांगली)

कृष्णाघाट यांच्या तापमानाविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. हीटर प्लगच्या बाबतीत मात्र घाई करू नये असे मला वाटते. मी डिझेल पंप आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) दुरुस्तीचे काम करतो. पावणेदोन लाख किलोमीटरनंतर प्लग हेडमध्ये कार्बनने जाम झालेले असतात. थंड इंजिनवर पाना लावून जोर दिला की प्लगचे टोक आत तुटते, आणि ज्या कामाला हेड उतरवायची गरज नव्हती त्यासाठीच ते उतरवावे लागते. त्यामुळे प्लग न काढता, त्यांना जोडणारी वरची विजेची पट्टी सोडवून, प्रत्येक प्लगचा रोध मल्टिमीटरने मोजावा. चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी येतो. त्यातून वीजच वाहत नसेल तर तो जळाला आहे. सगळे प्लग ठीक निघाले तर त्यांच्यापर्यंत वीज पोहोचते का, म्हणजे रिले आणि फ्यूज पाहावेत. प्लग काढायचेच असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करावे आणि पाना मागे-पुढे करत धीराने काढावेत.

एक-दोन प्लग जळालेले असले की थंडीत त्या सिलिंडरमधले डिझेल पेट घेत नाही आणि तसेच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो, डोळे चुरचुरतात, आणि इंजिन तापले की तो थांबतो. कूलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो, गाडी तापल्यावरही तो सुरू राहतो आणि पातळी घटते. आपले वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळते.

प्लग चांगले असूनही सकाळी सेल्फ जास्त घ्यावा लागत असेल, तर डिझेलच्या लाइनमध्ये कुठे हवा धरते का ते पाहावे. जुने रबरी पाइप, फिल्टरचे सील किंवा हातपंपाचा पडदा यांतून रात्रभर हवा आत जाते आणि डिझेल टाकीकडे उतरते. फिल्टरनंतर तात्पुरता पारदर्शक पाइप लावला की सकाळी बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

आणि हे मी कळकळीने सांगतो: कॉमन रेलच्या लोखंडी पाइपांत इंजिन चालू असताना एक हजार बारहून अधिक दाब असू शकतो. गळती शोधण्यासाठी त्यावर बोट फिरवू नये आणि चालू इंजिनवर नट सैल करू नये. जुन्या रोटरी पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री सवयीने तसे करतात. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला तर आधी ते बेंचवर तपासून प्रत्येकाची परत जाणाऱ्या डिझेलची मात्रा पाहावी. चारांतला एकच खराब असतो असे पुष्कळदा आढळते. परत बसवताना तांब्याचा वॉशर नेहमी नवा घ्यावा. नवा इंजेक्टर असेल आणि त्याच्या अंगावर कोड छापलेला असेल, तर तो कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) भरून घ्यावा. तो न भरल्यामुळे इंजिन ठोकते आणि ग्राहक पुन्हा नव्या खर्चात पडतो. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी पावसाळ्यात तरी दर महिन्याला सोडावे.


पसरणी_घाट (वाई)

इंजिनाविषयी वरील दोघांनी पुरेसे लिहिले आहे. रोज पसरणी घाट चढणारा-उतरणारा मालक म्हणून मी उताराविषयी लिहितो. डिझेल इंजिन स्वतः ब्रेकसाठी पुरेसा व्हॅक्यूम (ब्रेक दाबायला मदत करणारी हवेची ओढ) निर्माण करत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) मागे जोडलेला असून इंजिनच्या ऑइलवर चालतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले की दोन-तीन वेळा दाबल्यानंतर ब्रेक दगडासारखा होतो. अल्टरनेटर ऑइलने माखलेला दिसला, तर ते केवळ चार्जिंगचे दुखणे समजू नये. पंपाचे सील आणि ऑइलचा पाइप लगेच पाहावा.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा) असेल आणि तो केव्हा बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असेच धरावे. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि त्यानंतरचा खर्च जुन्या गाडीला पेलत नाही. बेल्टसोबत टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही बदलावा.

यदाकदाचित हेड उतरवावेच लागले, तर ते सपाट आहे का हे लेथवर मोजून घ्यावे आणि गॅस्केट जुन्याच जाडीचे आहे याची खात्री करावी. डिझेल गॅस्केटच्या कडेला जाडी दाखवणाऱ्या खाचा किंवा भोके असतात. दुकानदाराने दिलेले पुडके न मोजता बसवू नये.


वसनाकाठ (कोरेगाव, जि. सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासणी करून घेतली आणि ती आज पूर्ण झाली.

झाकण उघडून पाहिल्यावर बुडबुडे आले नाहीत आणि पाइपही लवकर कडक झाला नाही. पंखा गरम इंजिनवर बोटाने ढकलला तरी तीन-चार फेरे फिरत होता आणि कपलिंगच्या तोंडाशी तेलकट धूळ होती. कंडेन्सर सुटा केल्यावर मागे बोटभर जाडीचा पाचटाचा थर निघाला. जवळपास निम्मा रेडिएटर त्याने झाकलेला होता. कपलिंग आणि झाकण नवे घेतले, थर्मोस्टॅट पाण्यात तापवून पाहिला, तो वेळेवर उघडला म्हणून तोच परत बसवला. हीटर प्लग मल्टिमीटरने मोजले, त्यांतले दोन जळालेले होते. आदल्या रात्री तेल सोडून ठेवले होते, तरीही तिसऱ्या सिलिंडरचा प्लग सोडवायला मेकॅनिकला पाऊण तास लागला, पण तो अखंड बाहेर आला.

काल चौघे बसून, एसी लावून यवतेश्वरमार्गे कासपर्यंत जाऊन आलो. काटा मध्यावरच राहिला. आज सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. टायमिंग बेल्टची पावती वडिलांच्या फाइलमध्ये सापडली नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ते काम ठरवले आहे.