बुडबुडे थांबले, बाटल्या भरू का?

प्रश्न: घरी बनवलेली पहिलीच बिअर, २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर). चौथ्या दिवशी एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप) बुडबुडे थांबले. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण; साखर आंबत गेली की आकडा उतरतो) १.०२० दाखवतोय, सुरुवातीला १.०४८ होता. वर तपकिरी फेसाचा थर अजून आहे. बाटल्या भरू का?

उत्तर: अजिबात नको! मी अशीच घाई केली होती. आंबणं बाटलीतच चालू राहिलं, वायू साठला आणि रात्री कपाटात तीन बाटल्या फुटल्या, काचा दारात रुतल्या. बुडबुड्यांवर जाऊ नका. सलग तीन दिवस रीडिंग तेच आलं, की मगच भरा.

उत्तर: खोलीचं तापमान किती? गारठ्यात यीस्ट सुस्तावतं. २० अंशांपर्यंत आणा, भांडं हलकेच गोल फिरवा. झाकण मात्र उघडू नका, हवा लागली की चव बिघडते.

प्रश्नकर्ता: १५ होतं! ब्लँकेट गुंडाळलं. तीन दिवसांनी १.०१२, फेसही खाली बसलाय. अजून थांबतो.