व्हीआरचं भविष्य: पाय नसलेली माणसं आणि मळमळणारं पोट

चौकस (धागाकर्ता)

व्हर्च्युअल रिॲलिटीच्या (व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून बघायचं आभासी जग) भविष्याने जितकं हसवलंय तितकं दुसऱ्या कुठल्या तंत्रज्ञानाने हसवलं नसेल. साठ वर्षं ते 'येतंय, येतंय' आहे. मॉर्टन हायलिगला सेन्सोरामाचं पेटंट मिळालं १९६२ मध्ये. खोक्यात तोंड खुपसायचं की मोटारसायकलची सफर सुरू. खुर्ची हादरायची, तोंडावर वारा यायचा, वाससुद्धा यायचे. १९६८ चा आयव्हन सदरलँडचा हेडसेट छतापासून लोंबणाऱ्या दांड्याला जोडलेला होता. १९९५ मध्ये निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉय आणला. त्यातलं अख्खं जग लाल-काळं, आणि ते बघायला टेबलावर वाकून बसायचं. वर्षभरात गाशा गुंडाळला.

पण कळस झाला तो पायांचा. फेसबुकने २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं, आता सगळे आभासी जगात भेटणार म्हणून. होरायझन वर्ल्ड्स या मेटाच्या आभासी जगात लोक भेटलेही, पण कमरेच्या वरच्या भागानेच! २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये 'पाय येताहेत' अशी रीतसर घोषणा झाली आणि मेटाचा प्रमुख झकरबर्गच्या अवताराने (तिथल्या आभासी रूपाने) उडी मारून दाखवली. नंतर कळलं की ती उडी मोशन कॅप्चरने, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून, तयार केलेली होती. यामागचं कारण साधं आहे. हेडसेटचे कॅमेरे असतात डोक्यावर. तिथून हात दिसतात, पाय पोटाआड जातात. मग पायांचा निव्वळ अंदाज बांधावा लागतो.

माझं म्हणणं हेच आहे की भविष्य रंगवणारे दरवेळी शरीर विसरतात. माझा आतेभाऊ हेडसेट घालून बिलियर्ड खेळत होता. नेम धरायला वाकला, टेबलाच्या कडेवर ऐटीत कोपर टेकवला आणि सरळ जमिनीवर आला. टेबल नव्हतंच ना! दिवसाचे आठ तास या जगात कुणी राहणार नाही, हे मी लिहून देतो.

अवकाशवेडी

साफ असहमत. तुमच्या आतेभावाला लागलं नसेल अशी आशा आहे, पण तो पडला हाच व्हीआरचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. टीव्हीतल्या टेबलावर कधी कुणी कोपर टेकवलाय का? इथे त्याच्या मेंदूने टेबल खरं मानलं.

या विश्वासाचं मोल बघायचं तर स्नोवर्ल्ड बघा. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी ते भाजलेल्या रुग्णांसाठी केलं. जखमेची पट्टी बदलणं हा भयंकर प्रकार असतो, औषध देऊनही वेदना उरतात. त्या वेळी रुग्ण बर्फाच्या दरीतून जात पेंग्विनांवर आणि बर्फाच्या बाहुल्यांवर बर्फाचे गोळे मारत असतो. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते, असं रुग्णच सांगतात. पेंग्विनला गोळा मारून दुखणं कमी होतं, याहून मजेदार भविष्य कुठलं हवंय तुम्हाला?

खिडकी

धागाकर्त्याला +१. व्हिजन प्रो हा हेडसेट आठवा. ॲपलने २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला विकायला काढला. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक पडदा आहे आणि त्यावर घालणाऱ्याचे डोळे दिसतात, समोरच्याला परकं वाटू नये म्हणून. अहो, चष्मा काढला की डोळे फुकट दिसतात! मला हे मनापासून खटकतं. समोर माणूस बसलेला असताना त्याच्याकडे स्वतःच्या डोळ्यांचं चित्र लावून कशाला बघायचं?

त्रिज्या

मळमळीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. मान वळवल्यावर चित्र उशिरा वळलं की गरगरतं. ते अंतर २० मिलिसेकंदांच्या आत आणायचं हे गणित बऱ्यापैकी सुटलंय. सुटलं नाही ते चालण्याचं. हातातल्या कंट्रोलरची कांडी पुढे ढकलली की डोळे म्हणतात 'आपण धावतोय', आतला कान म्हणतो 'आपण सोफ्यावर आहोत'. या भांडणाचा निकाल पोट लावतं. शिवाय भिंगांचा फोकस एक-दोन मीटरवर पक्का असतो. वस्तू नाकापाशी आली की बुबुळं आत वळतात, फोकस मात्र तिथेच. डोळे शिणणारच. हेडसेट कितीही हलका केलात तरी हे आपोआप जाणार नाही.

चौकस

@अवकाशवेडी, स्नोवर्ल्ड मला मान्यच आहे, पण ते माझ्या बाजूचं उदाहरण आहे. पट्टी बदलून झाली की हेडसेट निघतो. कंबरदुखीसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये ईझव्हीआरएक्स या व्हीआर उपचाराला परवानगी दिली, त्यातलं एकेक सत्र २ ते १६ मिनिटांचं. सोळा मिनिटं! मेटाच्या रिॲलिटी लॅब्स या व्हीआर विभागाने २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. इतका पैसा काही सोळा मिनिटांसाठी ओतत नाहीत, माणसाने तिथेच मुक्काम ठोकावा म्हणून ओततात. माझा विरोध त्या मुक्कामाला आहे.

अवकाशवेडी

मुक्कामाचं भविष्य विकणाऱ्यांचा राग व्हीआरवर कशाला काढता? सोळा मिनिटांत कंबरेला आराम पडत असेल तर ती सोळा मिनिटंच मला भविष्य म्हणून पुरेत. आणि पायांबद्दल एकच सांगते. जो अंथरुणाला खिळलाय, त्याला हेडसेटमधून डोंगरमाथ्यावर जाऊन चौफेर बघता आलं तर तो अवताराचे पाय मोजत बसणार नाही. त्याला वर पोचायचं होतं, तो पोचला. अशा माणसांसाठी पैसा ओता, डोळ्यांचा फोकस सोडवा, वजन कमी करा. मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट अजून अर्ध्या किलोच्या वर आहे, तेवढं ओझं आजारी मानेला कसं पेलणार?

कचेरीच्या मीटिंगांचं म्हणाल तर तिथे मीही तुमच्याबरोबर. पाय असोत-नसोत, आभासी मीटिंगला मला नाही जायचं.