वाडीसाठी चेनसॉ (इंजिनाची करवत) कोणता घ्यावा?

रत्नागिरीजवळ आमची दीड एकर वाडी आहे, आंबा फणस आणि थोडे माड. पावसात फांद्या पडतात आणि दरवेळी कटरवाला शोधण्यात दोन-दोन दिवस जातात म्हणून स्वतःचाच घ्यावा म्हणतोय. ऑनलाइन ५८ सीसी, २२ इंची स्वस्तात दिसतोय, घेऊ का?

वाडीवाला: २२ इंची नका घेऊ हो, तासाभरात हात भरून येतात. घरच्या कामाला १४ नाहीतर १६ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पुरे, स्टिल (Stihl) कंपनीचा एमएस १८० बघा, ३१.८ सीसी. मी आधी असाच स्वस्तातला घेतलेला, दुसऱ्या पावसाळ्यात कार्ब्युरेटर गेला आणि पार्टच मिळेना, मशीन पडवीत पडून राहिलं. त्यामुळे जवळपास सर्व्हिस आहे का ते पहिलं विचारा, ब्रँड नंतर.

दापोलीकर: चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन लगेच थांबवणारा) असलेलाच घ्या. बारच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, म्हणून शिडीवर चढून कधीच चालवू नका, प्लीज. चष्मा, बूट हवेतच.

रत्नागिरीवाला: धन्यवाद दोघांना. तेलाचं कसं?

वाडीवाला: दोन तेलं लागतात. पेट्रोलात मिसळायचं टू-स्ट्रोक, स्टिल कंपनीचं मशीन असेल तर लिटरला २० मिली, बाकीच्यांचं मॅन्युअल बघा. चेनचं वेगळं, ते संपलं तर बार जळतो. आणि महिनाभर वापरायचा नसेल तर टाकी रिकामी करून मगच ठेवा. माडाच्या खोडाने चेन लवकर बोथट होते, गोल कानस सोबतच घ्या.