वयात येणाऱ्या लेकी आणि आमचे वाचन : खानदेशातील अनुभव

मुलगी वयात येत असताना तुम्ही काय वाचले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय नुसतेच कपाटात राहिले, हे खानदेशातील पालकांनी, शिक्षकांनी आणि मुलींनीही लिहावे, अशी विनंती आहे. नुसती पुस्तकांची यादी नको. ते वाचन घरात किंवा वर्गात कसे पोहोचले आणि पुढे काय घडले, ते यावे. प्रारंभ मीच करते.

आई, धुळे

आरोग्यसेविकेने दिलेली किशोरवयीन मुलींसाठीची पुस्तिका माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सहा महिने पडून होती, कारण लेक तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती आणि एवढ्यात कशाला, असे मला वाटत होते. श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, भाऊबंद जमलेले, नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून आलेले, अशा भरल्या घरात तिला पहिली पाळी आली. सासूबाईंनी काही न बोलता तिला मागच्या खोलीत बसवले. मी गेले तेव्हा ती फ्रॉकचा घेर मुठीत धरून बसली होती आणि तिने एवढेच विचारले, "मी कशाला शिवले होते का?"

रात्री पुस्तिका उघडली. छातीची वाढ साधारण 8 ते 13 या वयात सुरू होते आणि त्यानंतर बहुधा दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, असे दुसऱ्याच पानावर छापलेले होते. लेकीने स्लिप मागितली होती ती नवव्या वर्षी. म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर होता, मीच तो मांडला नाही. पुस्तिका मुलीसाठी होती खरी, पण आधी वाचायला हवी होती ती मी. आम्ही दोघींनी ती मोठ्याने वाचली. दाराशी बसलेल्या सासूबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, "आमले कोनी काहीच सांगं नही." यंदाच्या कानबाईला लेक मागच्या खोलीत नव्हती, मात्र तिने रोटांना हात लावलेला त्यांना अजून चालत नाही.

विज्ञान शिक्षिका, चोपडा तालुका

मासिक पाळीचे चक्र दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात येते. तोवर माझ्या वर्गातील बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात, त्यामुळे त्या आकृतीला नावे अचूक देतात आणि स्वतःविषयी काहीच विचारत नाहीत. खरे वाचन घडले ते लोहाच्या निळ्या गोळ्यांमुळे. आठवड्यातून एक गोळी देत असू आणि एके दिवशी खिडकीखाली, निंबाच्या आळ्यात, त्या गोळ्यांचा सडाच सापडला. रागावण्यापूर्वी विचारले तेव्हा कळले, की गोळीनंतर शौचाला काळी होते म्हणून मुली घाबरल्या होत्या. मी फळ्यावर चारच ओळी लिहिल्या: काळा रंग लोहाचा आहे, त्याने अपाय होत नाही; गोळी जेवणानंतर घ्यावी; तिच्यासोबत चहा घेऊ नये; लिंबू चालते. त्या ओळी मुलींनी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतल्या. परीक्षेला न येणारी गोष्ट मुली उतरवून घेतात, हे मी प्रथमच पाहिले.

वडील, अमळनेर

आमच्या गावात साने गुरुजी शिक्षक होते, म्हणून त्यांनी पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' मी मोठ्या हौसेने मुलीला दिली. तिला ती जुनी वाटली. मला मात्र पत्र लिहिण्याची युक्ती मिळाली, कारण पत्नीची नोकरी बाहेरगावी आणि मुलीशी या विषयावर समोरासमोर बोलायला माझी जीभ रेटत नव्हती. दीड महिना पाळी आली नाही तेव्हा ती गप्प झाली होती. मी डॉक्टरांना विचारून लिहिले, की पहिली दोन-तीन वर्षे 21 ते 45 दिवसांचे अंतर सर्वसाधारण असते, तीन महिने पाळी आली नाही तर दवाखान्यात जायचे. उत्तर आले नाही, पण चिठ्ठी तिच्या कंपासपेटीत होती.

आश्रमशाळेतील अधीक्षिका, नंदुरबार जिल्हा

आमच्या मुली घरी पावरी बोलतात; छापील मराठी पुस्तिका त्यांना पाहुण्यासारखी वाटते. दहावीच्या दोन मुलींनी ती वाचून सहावीच्या मुलींना पावरीत सांगितली आणि मी मुद्दाम खोलीबाहेर थांबले. आतून हसण्याचा आवाज आला.

विद्यार्थिनी, रावेर

मला कोणी काही वाचायला दिले नाही. मेडिकलवाले काका सॅनिटरी पॅडचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून देत. त्या पाकिटामागची सूचना, हेच माझे पहिले वाचन.

आई, भुसावळ

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँकला तिची रोजनिशी तेराव्या वाढदिवशी मिळाली, म्हणून मीही लेकीला तेराव्या वाढदिवशी त्या रोजनिशीचा मराठी अनुवाद दिला. युद्ध, लपून राहणे, धैर्य, एवढेच मला ऐकून ठाऊक होते. तिच्या मागोमाग मी वाचायला घेतले, तेव्हा अ‍ॅन आपल्या आईवर किती चिडलेली आहे, हे पाहून मी दुखावले. शिवाय लेकीने नेमक्या त्याच पानांवर पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या. त्या रेघांविषयी मी विचारले नाही. स्वयंपाकघरात भरितासाठी वांगी भाजत असताना एवढेच म्हणाले, की त्या मुलीच्या आईची बाजू कोणी लिहिलेली नाही. लेक वांग्याची साले काढत राहिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग तू लिही." वही आणली आहे, अजून एकच पान झाले आहे.