टांगाच्या लढाईतलं म्हणतात ते कातडी होल्स्टर नक्की कधीचं?

लष्करकर (ग्वाल्हेर)
घरच्या पेटीत रिव्हॉल्वरचं रिकामं तपकिरी होल्स्टर आहे. पूर्ण झाकण, पितळी बटण. आत खालच्या टोकापासून सिलेंडरच्या फुगवट्यापर्यंत १५ सेंमी. झाकणाच्या आत १९१६ आणि खाली पुसट बाण. घरात सांगतात की ३ री ग्वाल्हेर ही संस्थानची पायदळ पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाला लढली, तेव्हाचं हे. पटतं का? शिवाय हात लावला की लाल भुकटी लागते आणि बटणाभोवती हिरवा मेणचट थर आहे. एरंडेल चोळू का?

जुनाबाजार (इंदूर)
१५ सेंमी म्हणजे ६ इंची नळी. ब्रिटिश फौजेचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्वर, बोअर .४५५ इंच, सहा गोळ्या, वजन किलोच्या थोडं वर. हे मॉडेल मंजूरच झालं मे १९१५ मध्ये, त्यामुळे टांगा विसरा. आधीच्या मार्क ५ ची नळी साधारणपणे ४ इंची, फुगवटा १० सेंमीवरच आला असता. दुसऱ्या महायुद्धातलं .३८ चं एनफील्ड ५ इंची, आणि त्याचं होल्स्टर बहुतेक कॅनव्हासचं.

मांडवीवाला (बडोदे)
निकाल बरोबर, पण कारण अपुरं आहे दादा. त्या काळी ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घेत; अट एवढीच की सरकारी काडतूस त्यात चाललं पाहिजे. वेब्लीचं डब्ल्यूजी मॉडेल ६ इंची नळीत १९१४ च्या कितीतरी आधीपासून मिळत होतं. म्हणजे नुसत्या मापावरून टांगा बाद होत नाही, तारखेवरून होतो. म्हणून आधी तो आकडा पक्का करा. खोलीत अंधार करून टॉर्च कातड्याला जवळजवळ समांतर धरा, दाबलेला शिक्का सावलीने उठून दिसतो. वर खडू किंवा पावडर घासू नका. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. खासगी खरेदीवर सहसा जीनगराचं किंवा दुकानाचं नाव असतं.
मुठीचा भागही पाहा. मार्क ६ ची मूठ खाली चौकोनी, आधीच्या मार्कांची पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल. वर्षानुवर्षं एकच हत्यार राहिलं असेल तर झाकणाच्या आत कोपऱ्यांचे वळ उमटलेले असतात.

चर्मसंग्रह (ग्वाल्हेर)
एरंडेल अजिबात नको! लाल भुकटी म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं हवेतल्या आम्लाने कुजतंय. तेलाने ते सुधारत नाही, काळं आणि चिकट होतं, वर श्रावणात बुरशी. पाण्याचा फडकाही नको. अशा कातड्यावर पाणी पडलं की डाग कायमचा आणि जागा कडक.
क्लुसेल जी (कातडं घट्ट करणारी सेल्युलोजची पूड) २ ग्रॅम, आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली. हळूहळू भुरभुरत ढवळा, गुठळ्या झाल्या तर रात्रभर ठेवा. आधी मागच्या बाजूला नखाएवढ्या जागी लावून वाळू द्या. रंग गडद राहिला नाही तरच मऊ ब्रशने पातळ हात द्या. याने भुकटी बसते, कातडं नवं होत नाही.
हिरवा थर पितळेतलं तांबं आणि कातड्यातली चरबी मिळून होतो. तेल घातलंत की तो वाढणारच. बांबूच्या काडीने कोरडा खरवडा, मग कापसाच्या बोळ्याला किंचित अल्कोहोल, फक्त धातूवर. पितळ चकाकवायची पॉलिश शिवणीत पांढरी अडकते, ती निघत नाही.
आत आम्लरहित टिश्यूचा बोळा भरा, वर्तमानपत्राचा नको. झाकण अर्धवट उघडं ठेवा. घडीवरच ते तुटतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि मे महिन्यात गच्चीवर ऊन तर मुळीच देऊ नका.

लष्करकर (ग्वाल्हेर)
टॉर्चने पाहिलं. १९१६ पक्का. बाणाखाली इंग्रजी आय आहे. मुठीचे वळ कळत नाहीत.

मांडवीवाला (बडोदे)
बाणाखाली आय म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. तेव्हा खासगी खरेदी नव्हे, सरकारी कोठारातलं, टांगानंतरचं. रिकाम्या कातड्याला परवाना लागत नाही. पेटीच्या तळाशी जिवंत काडतूस सापडलं तर मात्र ते १९५९ च्या शस्त्र कायद्यात येतं. स्वतः उचलून न्यायच्या आधी ठाण्यात कळवा.